तंदुरीला लाल रंग मिरचीचा हवा, पुडीचा नको!

गटारी आठ दिवसांवर आलीय. एसटी स्टँडपासून मार्केट यार्डाच्या कमानीपर्यंत संध्याकाळी सातनंतर नुसता धूर असतो, पुढच्या आठवड्यात तर तिथून दुचाकी काढणंही मुश्कील होणार. म्हणून हे आत्ता लिहितोय. श्रावण लागल्यावर लिहून उपयोग काय?

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट मांसाहाराच्या विरोधात नाही. मी खाणारा माणूस आहे आणि आवडीने खाणारा आहे. त्यामुळे "बरं झालं, बंद करा हे सगळं" म्हणणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. ही पोस्ट गाडीवाल्यांच्याही विरोधात नाही, पण त्यांना सोडणारही नाही. गाडीवाला, सरकारी कार्यालय, नगरपालिका आणि आपण गिऱ्हाईक, चौघांनाही बोलणार आहे. पेपरात एवढी जागा मिळत नाही, तिथे दोन कॉलममध्ये "कारवाईची मागणी" एवढंच छापून येतं. म्हणून इथे सविस्तर.

म्हणणं थोडक्यात असं: आपल्या गावात भाजलेल्या कोंबडीला चव देण्याचं काम मसाल्याकडून काढून रंगाच्या पुडीकडे दिलंय. आणि भाजताना वरून जे तेल-पाणी फासलं जातं, त्याच्याकडे तर कुणाचंच लक्ष नाही. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत आणि दोन्ही किलोमागे दहा-वीस रुपयांत सुधारता येतात. तरी सुधारत नाहीत, कारण कुणी विचारतच नाही.

काय पाहिलं

मागच्या आठवड्यात चार संध्याकाळी मी या रस्त्यावर उभा होतो. फोटो काढले नाहीत, नावं लिहिणार नाही. एकाच गाडीचा हा दोष असता तर नाव घेतलं असतं. इथे जवळपास सगळीकडे एकच पद्धत आहे.

दुपारी तीन-चारला कोंबडी येते. धुतली न धुतली, की प्लास्टिकच्या टबात. त्यावर तयार मसाल्याचं पाकीट, आलं-लसणाची विकतची पेस्ट, दही असलं तर असलं, नाहीतर लिंबाच्या फुलाचं पाणी. आणि मग ती पुडी. चमचा नाही, माप नाही. चिमूट टाकायची, हात फिरवायचा, रंग कमी वाटला की अजून एक चिमूट. हातमोजा नसलेला हात दुसऱ्या दिवशीही गुलाबी दिसतो. साबणाने जात नाही, असं स्वतः गाडीवाल्यानेच हसत हसत दाखवलं. तो टब संध्याकाळभर गाडीखाली, फडक्याने झाकलेला. बर्फ नाही.

मग भाजणं. रंगाच्या दुकानात मिळतो तो भिंतीचा ब्रश, केस गळणारा. शेजारी एक डबा. त्यात तेल, थोडं बटर, आणि त्याच टबातला उरलेला मसाला. कच्च्या कोंबडीवर ब्रश फिरवायचा, परत डब्यात बुडवायचा, शिजलेल्या कोंबडीवर फिरवायचा, परत डब्यात. रात्री अकराला उरलेला डबा झाकून उद्यासाठी.

एकाला विचारलं, "मामा, पुडी नाही टाकली तर चालणार नाही का?"

ते म्हणाले, "सायेब, दोन दिवस टाकली नव्हती. गिऱ्हाईक म्हणतंय, कच्ची हाय, मसाला लावलाच न्हाई. शेजारच्या गाडीवर गेलं. आता मी काय करू?"

हे उत्तर खोटं नाही. कोंबडी लाल नसली की ती बेचव, असं आपणच ठरवून टाकलंय. म्हणून म्हणतो, चौघांना बोलायचंय.

"अहो, खायचाच रंग आहे तो!"

हा युक्तिवाद प्रत्येक गाडीवर ऐकला. पुडीवर "खाद्य रंग" लिहिलंय, मग काय बिघडतं? बिघडतं ते असं.

आपल्या देशात खाण्यात वापरायला आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लाल रंगासाठी पोन्सो फोर-आर, कार्मोसिन आणि एरिथ्रोसिन. पिवळ्या-केशरीसाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. बाकी निळे-हिरवे. पण ही परवानगी सरसकट नाही. कोणत्या पदार्थात घालायचा, याची यादी नियमातच आहे: आइस्क्रीम, मिठाई, बिस्किटं, सरबतं वगैरे. त्यातही प्रमाणावर मर्यादा आहे. बहुतेक पदार्थांत किलोला शंभर मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलो मालात एक ग्रॅम. आपल्या गाडीवरची चिमूट कुठल्या काट्यावर मोजतात, ते मला कुणी दाखवावं. आणि मुळात तंदुरी, कबाब त्या यादीत नाहीतच. म्हणजे पुडीवर "खाद्य रंग" असं खरं लिहिलेलं असलं, तरी ती कोंबडीला लावणं नियमात बसत नाही.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. कर्नाटकाची हद्द आपल्यापासून तासाभराच्या आत आहे. तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये राज्यभर चिकन कबाब आणि माशांच्या पदार्थांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्याआधी ३९ ठिकाणचे कबाब तपासले, ८ नमुने असुरक्षित निघाले. त्यांत सापडलेले रंग कोणते? सनसेट यलो आणि कार्मोसिन. म्हणजे परवानगीच्या यादीतलेच. तरीही असुरक्षित ठरले, कारण जिथे नको तिथे घातले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बालवर कारवाई केली. तिथे सापडलेला रोडामाइन-बी हा तर कापड रंगवायचा रंग. तो कुठल्याच खाण्यात चालत नाही. तमिळनाडू आणि पुदुच्चेरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच कारणाने बुढ्ढी के बाल विकायलाच बंदी केली. गोव्यात म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनचे स्टॉल बंद करायचं ठरवलं, त्यामागेही कृत्रिम रंग आणि अस्वच्छता हीच कारणं होती.

म्हणजे आजूबाजूला सगळीकडे यावर बोललं गेलं. नियम देशभर एकच आहेत. निपाणीत जो रंग चुकीचा, तो हद्द ओलांडून आपल्या गावात आला की बरोबर होतो का?

आणखी एक गोष्ट, खास आई-वडिलांसाठी. युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो, की यामुळे मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो. त्या सहांपैकी चार आपल्या यादीत आहेत: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोसिन आणि पोन्सो फोर-आर. तिकडे पाकिटावर इशारा, आणि इकडे आपण पोराला "घे बाळा, लेग पीस" म्हणून देतो. एका लेग पीसने काही होईल असं मी म्हणत नाही. पण मिठाईत आहे, सरबतात आहे, शिवाय कोंबडीतही असेल, तर पोराच्या पोटात दिवसाला किती जातं हे मोजणार कोण?

ब्रश आणि डबा

रंगाबद्दल निदान कुठेतरी छापून येतं. त्या डब्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर गटारीच्या रात्री जास्त भीती त्याची आहे.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. शिजवल्यावर ते मरतात, म्हणून तर आपण शिजवून खातो. आतपर्यंत साधारण ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचलं की कोंबडी सुरक्षित धरतात. पण शिजलेल्या कोंबडीवर कच्च्या मसाल्याचा ब्रश फिरवला, की तेच जंतू परत वर बसले. त्यानंतर पुन्हा नीट भाजली तर ठीक. आपल्याकडे शेवटचा ब्रश कधी फिरतो? कोंबडी कापून प्लेटमध्ये टाकल्यावर! "जरा बटर मार रे वरून", असं आपणच सांगतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला या बाबतीत एका ओळीचा आहे: ज्या मसाल्यात कच्चं मांस मुरवलं, तो वरून लावायचा असेल तर आधी उकळून घ्या, नाहीतर लावायचा थोडा भाग सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन डबे आणि दोन ब्रश लागतात.

आणि टब. पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली जंतू झपाट्याने वाढतात. आषाढातली दमट हवा, गाडीखालचा टब, दुपारी तीन ते रात्री अकरा. हिशोब तुम्हीच करा. दरवर्षी गटारीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या दवाखान्यांत गर्दी असते, आणि आपण हसून म्हणतो, "काल जास्त झाली वाटतं." दरवेळी दारूच असते कशावरून?

चव येते कुठून?

इथे काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, तुम्हाला स्वयंपाकातलं काय कळतं? मी आचारी नाही. पण चार जुन्या आचाऱ्यांजवळ बसलोय, वाचलंय, घरी निखाऱ्यावर करूनही पाहिलंय. सगळ्यांचं म्हणणं एकाच ठिकाणी येतं.

पहिली गोष्ट मीठ. मुरवताना मांसात खोलवर जातं ते मीठच. बाकी मसाला, कितीही भारी असो, वरच्या थरातच राहतो. म्हणून तर तंगडीला चिरा देतात. किलोला तीन छोटे चमचे, म्हणजे पंधराएक ग्रॅम मीठ, आणि चार-पाच तास थंड जागी. एवढ्याने कोंबडी आतून चवदार होते. आपल्याकडे गाड्यांवर हा वेळच दिला जात नाही. तासाभरात सळईवर. मग आतून सपक लागते, आणि ते झाकायला वर चाट मसाल्याचा पाऊस.

दुसरी गोष्ट आंबट. दही किंवा लिंबू मांस वरून मऊ करतं आणि चव उठवतं. दही सौम्य, म्हणून ते रात्रभर चालतं. लिंबाचा रस जास्त वेळ ठेवला की मांस भुसभुशीत होतं. मटणाला कच्ची पपई लावतात, तीही बेताने, नाहीतर लगदा होतो. हे आपल्या आज्ज्यांना माहीत होतं.

तिसरी गोष्ट तेल-तूप, म्हणजे भाजताना वरून लावायचं ते. याचं काम नुसतं चकाकी आणायचं नाही. सुकत चाललेल्या पृष्ठभागावर स्निग्धांश बसला की कातडी करपण्याआधी खरपूस होते आणि मसाल्याचा वास धरून ठेवते. पण त्यालाही वेळ असते. जाणते तंदूरवाले कोंबडी पाऊण शिजवतात, बाहेर काढून थोडी विसावू देतात, मग तूप किंवा तेल लावून परत आत घालतात. दर मिनिटाला पाणचट मिश्रण फासत राहिलं तर कोंबडी भाजली जात नाही, उकडली जाते. आणि तेलाची धार निखाऱ्यावर पडली की भडका उडतो, काळा धूर येतो आणि तो धूरच आपण खातो. तो काजळीचा कडवटपणा म्हणजे "स्मोकी फ्लेवर" नव्हे राव!

आता रंग. हे वाक्य गाडीवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं: मिरचीचा रंग तेलात उतरतो.

कोल्हापुरी माणसाला हे शिकवायची गरज आहे का? तांबड्या रश्श्यावर तरंगणारा तो लालभडक कट म्हणजे काय? मिरचीचा रंगच. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून कोरडी मिरची पूड दह्यात कालवली की रंग फिका दिसतो, आणि गाडीवाल्याचा हात पुडीकडे जातो. तीच मिरची कोमट तेलात घाला, पाच मिनिटं थांबा आणि मग दह्यात मिसळा. रंग बघा. त्यातलंच थोडं मिरचीचं तेल वेगळ्या डब्यात ठेवा आणि भाजताना शेवटी वरून लावा. लाल होते की नाही सांगा. तेल मात्र कोमट हवं. कडकडीत तेलात मिरची जळते आणि रंग काळा पडतो.

मिरची कोणती? तिखट जास्त आणि रंग कमी अशी नको. ब्याडगी घ्या, जगभरातले लोक ती रंगासाठी नेतात. हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी आपल्यापासून किती लांब आहे? काश्मिरी घ्या. आपली संकेश्वरी आहेच. मिरचीच्या बाजारात राहून आपण रंगाची पुडी विकत घेतो, याला काय म्हणायचं?

आणि हेही सांगतो, भाजलेली कोंबडी लालच असली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या पंजाबी मंडळींनी दिल्लीत दर्यागंजमध्ये हॉटेल काढलं, आणि तिथून तंदुरी चिकन देशभर पसरलं. ते आपल्याकडे आलं त्याच्या कितीतरी आधीपासून आपण मांस भाजून खातोय. रायगडातली पोपटी घ्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेली कोंबडी आणि बाहेरून जाळ. वरून तेलाचा थेंब नाही, ब्रश नाही, रंग नाही. थंडीत पोपटी खायला मुंबई-पुण्याची माणसं गाड्या काढून जातात. गोव्याचं काफ्रेआल घ्या. कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचं, हिरवंगार. ते लाल का नाही, असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

खर्चाचा हिशोब

"परवडत नाही" हे उत्तर मला चारही दिवस मिळालं. म्हणून हिशोब मांडतो, खोटा असेल तर खोडा.

एक किलो कोंबडीला पंधरा ग्रॅम रंगाची मिरची पूड पुरते. किलोचा भाव सहाशे धरला तरी नऊ रुपये. ती उतरवायला दोन चमचे तेल, तीन-चार रुपये. म्हणजे तेरा रुपयांच्या आत. पुडीचा खर्च पैशांत जातो हे मान्य, पण फरक किलोमागे दहा-बारा रुपयांचाच आहे. एक फुल तंदुरी आपण चारशेच्या आसपास घेतो. तिथे दहा रुपये वाढवले तर कुठलं गिऱ्हाईक पळणार आहे? दुसरा डबा घरातला. भांड्यांच्या दुकानातला सिलिकॉनचा ब्रश शंभरच्या आसपास, आणि तो गरम पाण्यात धुता येतो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून टब ठेवला तर रोजचे तीस-चाळीस.

एवढ्याने धंदा बुडत नाही. धंदा बुडतो तो एका विषबाधेने. आणि तेव्हा एक गाडी बुडत नाही, अख्खी ओळ बुडते.

नेहमीचे मुद्दे

"इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही." काही झालं नाही की कधी तपासलंच नाही? जुलाब झाले की आपण मेडिकलमधून गोळी घेतो. ते ना नोंदीत येतं, ना बातमीत.

"मोठ्या हॉटेलात पण हेच चालतं." चालत असेल. मग तिथेही तपासा. मी कधी म्हटलं की फक्त गाडीवाल्यालाच धरा? उलट मला राग याचा आहे, की तपासणीची वेळ आली की पथक सर्वात आधी गाडीवर जातं, कारण तिथे दार नसतं.

"गरिबाच्या पोटावर का मारताय?" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो बरोबर जागी बसतो. या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या कर्जावर उभ्या आहेत. घरची बाई दुपारभर कांदा कापते, पोरगा शाळेतून आला की प्लेटा धुतो. म्हणूनच मी "गाड्या हटवा" म्हणणार नाही. काही सुशिक्षित मंडळी दरवर्षी असं निवेदन देतात आणि पालिका दोन दिवस ट्रॅक्टर फिरवते. त्याने काय होतं? गाडी स्टँडवरून उठून बायपासला जाते. तिथे पाणी नाही, दिवा नाही. रंग तोच, डबा तोच. फक्त आपल्या डोळ्यांआड.

आणि गरिबाच्या पोटाचं म्हणाल, तर त्या गाडीवर खाणारा तरी कोण आहे? हमाल, रिक्षावाला, कारखान्यातली पोरं, हॉस्टेलवर राहणारे विद्यार्थी. त्यांच्याही पोटाचा विचार नको का?

मग करायचं काय?

अन्न व औषध प्रशासनाला: दिवाळी आली की खव्यावर धाड, पेपरात फोटो. चांगलं आहे. पण गटारी आणि एकतीस डिसेंबरलाही आपल्याकडे तेवढीच उलाढाल होते, तेव्हा तुमची गाडी जिल्ह्याच्या गावातून का निघत नाही? अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला नमुना घ्यायचा अधिकार आहे आणि विश्लेषकाने अहवाल द्यायला कायद्यात चौदा दिवसांची मुदत आहे. एफएसएसएआयच्या "फूड सेफ्टी ऑन व्हील्स" नावाच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत. एक दिवस आमच्या स्टँडवर उभी करा. आधी सांगून या, हरकत नाही. दंडाची पावती फाडायला या असं मी म्हणत नाही, पहिल्यांदा शिकवायला या. दुसऱ्यांदा सापडला तर खुशाल पावती फाडा. आणि पुडी विकणाऱ्या दुकानदाराकडेही जा. कोंबडीवाल्याला ती पुडी कशासाठी लागते, हे त्याला माहीत नसतं असं समजू नका.

नगरपालिकेला: २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की विक्रेत्यांसाठी समिती असावी, जागा ठरवून द्यावी. आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, ते जाहीर करा. स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन नळ आणि चार दिवे द्यायला किती खर्च येतो? गाडीवाल्यांकडून रोजची पावती फाडता ना, मग त्या पैशातून एक नळ तरी द्या.

गाडीवाल्यांना: दादा, मामा, भावांनो, छोट्या विक्रेत्याची अन्न नोंदणी करून घ्या आणि गाडीवर लावा. दोन डबे, दोन ब्रश, बर्फ. पुडी बंद, मिरचीचं तेल सुरू. आणि पाटी लावा: "आमच्याकडे रंग नाही." लोक थांबून विचारतील. पहिले आठ दिवस जड जातील हे मला माहीत आहे. म्हणून एकट्याने करू नका, ओळीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी करा. शेजारची गाडीही लाल नसेल तर गिऱ्हाईक जाणार कुठे?

आणि आता आपण. "लाल कर रे जरा" हे वाक्य आपल्या तोंडात आहे, ते आधी बंद करा. गाडीवर उभं राहिल्यावर दोनच प्रश्न विचारा. रंग टाकलाय का? वरून लावायचा डबा वेगळा आहे का? भांडू नका, फक्त विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर तयार मिळतं.

घरी एक गंमत करून बघता येते. तंदुरीचा तुकडा ग्लासभर कोमट पाण्यात टाका. पाणीच लाल-केशरी झालं, तर शंका घ्यायला जागा आहे, कारण बहुतेक खाद्य रंग पाण्यात विरघळतात. वर लालसर तेलाचे ठिपके तरंगले आणि खालचं पाणी हळदीच्या पिवळसर छटेपुरतंच राहिलं, तर ती मिरची असण्याची शक्यता जास्त. हा पुरावा नाही, इशारा आहे. यावरून कुणाच्या गाडीवर जाऊन तमाशा करू नका.

पुरावा हवा असेल तर तो मिळवायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. दोष निघाला तर फी परत मिळते. तक्रारीसाठी एफएसएसएआयचा १८०० ११२ १०० हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

मी स्वतः हे करणार आहे. येत्या सोमवारी तीन ठिकाणचे नमुने, दोन गाड्या आणि एक मोठं हॉटेल. कायद्याप्रमाणे आधी सांगून घेणार, फी भरणार. अहवाल काहीही येवो, चांगला असो वा वाईट, इथेच टाकणार. फीमध्ये कुणाला वर्गणी द्यायची असेल तर देऊ नका, त्यापेक्षा सोमवारी संध्याकाळी सात वाजता साक्षीदार म्हणून स्टँडवर या. पाच-सहा जण असले की पुरे.

ज्यांची गाडी आहे आणि ज्यांना मिरचीच्या तेलाचं माप हवंय, त्यांनी कमेंटमध्ये "माप" लिहा किंवा येता-जाता थांबवून विचारा. एका जुन्या आचाऱ्यांनी रविवारी दुपारी त्यांच्याच अंगणात करून दाखवायचं कबूल केलंय. कोंबडी मी आणतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण हिशोबाचा कागद घेऊन या.